सतरा नंबरचा कोट

कंपाला
९ डिसेंबर १९९८

मुगोया, लेका,

तू जिवंत आहेस हे मला काल कळलं. ओपोलोटने इकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे निरोप दिला होता: जिंजाच्या इस्पितळात आहे, डोळे शाबूत, जबडा फुटलाय, उजवा हात मोडलाय. शनिवारपासून घरात तोंड लपवून पडलोय. आईला वाटतंय मला हिवताप झालाय. ती कडू काढा करून देते, मी मुकाट्याने पितो.

काय ठरलं होतं आपलं! चार वर्षं शाळेच्या मेसमध्ये किडके घेवडे आणि दगडासारखा मक्याचा पोशो गिळला. शेवटचा पेपर टाकला की कंपालाहून निघायचं आणि ओपोलोटच्या गावापर्यंत, कुमीपर्यंत, रस्ताभर नुसतं खात जायचं. सकाळी आतड्यांत शिजवलेलं कच्च्या केळ्यांचं माटोके, बुलुंबाच्या थांब्यावर काडीला लावलेली कोंबडी, जिंजाला तुझ्या आईच्या हातचा शेंगदाण्याच्या रश्शातला मासा, म्बालेला बांबूचे कोंब. ओपोलोटने तर पहिल्याच हॉटेलात एवढं चापलं की चौदा सीटची टॅक्सी सुटायच्या आत मागच्या बाकावर घोरायला लागला. आणि दुसऱ्याच थांब्याला तुझा जबडा गेला.

मला सारखं तेच दिसतं. टॅक्सी थांबली, निळ्या कोटातल्या विकणाऱ्यांचा घोळका खिडक्यांवर आदळला, सगळ्यांच्या हातात कोंबड्या. तू भाजलेली केळी घ्यायला खाली उतरला होतास. मी खिडकीतून घासाघीस करून एक तंगडी घेतली. तू मागून आलास, माझ्या हातातली काडी ओढलीस आणि तंगडी तोंडात धरून पळालास, अगदी मेसमध्ये पळायचास तसाच. मी हसत होतो रे. तेवढ्यात कुणीतरी 'चोर! चोर!' म्हणून ओरडलं. बाजार आहे, कुणीही ओरडतं.

पहिली वीट तुझ्या पाठीत बसली. तू वळून बघितलंस, तेव्हा तंगडी तोंडातच होती. मग मला तू दिसलाच नाहीस, नुसत्या पाठी दिसत होत्या आणि वर जाऊन खाली येणारे हात. शेगडीतली जळती लाकडं घेऊन आले लोक. एक जण ओरडत होता, 'टायर आणा, टायर!' आपल्या टॅक्सीतली एक बाई, बायबल मांडीवर घेतलेली, ती म्हणाली, 'बरं झालं, फार माजलेत हे.' मी दार उघडायला गेलो, पण ओपोलोट मला ढकलून आधी उतरला, आणि ड्रायव्हरने घाबरून गाडी हाणली. मुकोनोपर्यंत मी दारावर बुक्क्या मारत होतो, देवाशपथ.

दात किती उरलेत ते कळव. बरा झालास की आपण उरलेला रस्ता खाऊ.

तुझा,
झिवा


जिंजा, इस्पितळ
१२ डिसेंबर

झिवा,

पत्र मिळालं. मी सांगतोय आणि बालिकोवा दादा लिहितोय, कारण माझा हात प्लास्टरात आहे. जबडा तारांनी बांधलाय, त्यामुळे सांगतोय ते पण दातांतल्या दातांत. दादा म्हणतो, बोलताना कुत्र्यासारखा गुरगुरतोस.

डोक्याला बारा टाके आहेत. पाठीवर भाजलंय, तिथली कातडी अजून ओली आहे म्हणून पालथं झोपायचं. पहिल्या रात्री मला लघवीतून रक्त गेलं. आता थांबलंय. तू विचारलंस म्हणून सांगतो, पुढचे चार दात गेले.

मला काही आठवत नाही. काडी ओढली ते आठवतं, आणि नंतर इथली खाट. कोण ओरडलं, कोणी मारलं, काही नाही. दादा रोज विचारतो. मी म्हणतो, आठवत नाही.

हे मी, बालिकोवा, माझ्या मनाने लिहितोय. झिवा, तू आमच्या घरी जेवलेला मुलगा आहेस. तू खिडकीत होतास, तुला सगळं दिसलं. गर्दीला मी काय करू, गर्दीला तोंड नसतं. पण पहिला जो ओरडला त्याला तोंड आहे. तो ओरडला नसता तर हे काही झालं नसतं. माझा भाऊ अकरा वर्षांचा असताना आमचा बाप वारला, तेव्हापासून मी त्याला वाढवला. त्याची फी मी सुदानच्या सीमेवर गोळ्या खाऊन भरली. तो चोर? पहिला कोण ओरडला ते मला लिहून पाठव. नाव माहीत नसेल तर खूण सांग. बाकी मी बघतो.

मुगोया म्हणतो, दादा, हे लिहू नकोस. तरी लिहिलं. पुढे तो म्हणतो: झिवा, उत्तराची घाई करू नकोस. तुझा हिवताप बरा होऊ दे. खोटं सांगत नाही, मला काहीच आठवत नाही, तेव्हा तूही फार आठवायला जाऊ नकोस.

मुगोया
(अक्षर बालिकोवाचं)


कंपाला
१४ डिसेंबर

प्रिय मुगोया, आणि दादांना माझा नमस्कार,

तुला काही आठवत नाही हे एका परीने बरंच झालं. मला आठवतं आणि मी झोपू शकत नाही.

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तुम्ही एकदा शाळेत आला होतात आणि मुगोयाला छड्या मारल्या म्हणून वॉर्डनला कॉलर धरून भिंतीवर टेकवला होतात. वॉर्डनचे पाय जमिनीवर नव्हते. आम्ही पोरं कितीतरी दिवस तीच गोष्ट एकमेकांना सांगत होतो. त्यामुळे तुम्ही विचारल्यावर काही न सांगणं मला जमणार नाही.

तिथल्या विकणाऱ्यांच्या कोटावर पाठीमागे आकडे असतात. लोकांना तक्रार करता यावी म्हणून बाजाराच्या कमिटीने घातलेत. मी ज्याच्याकडून कोंबडी घेतली त्याचा आकडा सतरा होता. तोंड मला आठवत नाही, आकडा पक्का आठवतो. मी किंमत पाडली म्हणून तो माझ्यावर गुरकावला होता. मुगोया काडी घेऊन पळाला तेव्हा तो खिडकीशीच होता. तोच ओरडला. त्याला वाटलं असणार की आपली कोंबडी पैसे न देता चालली.

आणि एवढ्यावर तो थांबला नाही. टॅक्सी सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून बघत होतो. सगळे लाथा मारत होते, विटा मारत होते, पण हा सतरा नंबर हातातल्या सगळ्या काड्या टाकून धावला आणि मुगोयाच्या अंगावर चढला. अख्खा अंगावर, दादा, गुडघे घालून. असा राग मी कुणाचा बघितला नाही. पाठीवरचा तो पांढरा सतरा वरखाली होत होता. टॅक्सी वळली आणि मग काही दिसलं नाही.

ओपोलोटला विचारू नका. तो ओरडण्याच्या वेळी झोपला होता, आणि आता गावी गेलाय.

मुगोया, तुझा राग माझ्यावर नाही ना? मी उतरायला हवं होतं. रोज वाटतं, उतरायला हवं होतं.

झिवा


जिंजा
१७ डिसेंबर, गुरुवार

झिवा,

हे डाव्या हाताने लिहिलंय. वाचता आलं नाही तर दोनदा वाच, पण आजच वाच.

तुझं पत्र मला दादाने दाखवलंच नाही. टॅक्सीवाल्याकडून त्यानेच घेतलं, वाचलं आणि खिशात टाकून छावणीत निघून गेला. आज वहिनीने धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशातून काढून मला आणून दिलं. ती रडत होती. ती म्हणते, दादाने छावणीतल्या चार जणांशी बोलणं केलंय, पिकअप मिळवलीय, शनिवारी सुट्टी आहे. 'सतरा नंबर' एवढंच तिने दारामागून ऐकलं, आणि तिला वाटलं कुणाच्या घराचा नंबर असेल.

आता ऐक. मला सगळं आठवतं.

तुझा आवाज होता, झिवा. चार वर्षं मेसमध्ये तुझ्या ताटातली भाकरी मी पळवली आणि चार वर्षं तू तसाच ओरडलास. तू 'चोर' म्हटलंस की अख्खी मेस चपला घेऊन माझ्यामागे लागायची आणि मला चपलांनी बडवायची, आणि मी पळता पळता खायचो. तुझा आवाज मी झोपेतही ओळखेन. तू हसत हसत ओरडलास. मी पण हसत पळालो. पहिली वीट बसली तेव्हा मला वाटलं चप्पल आहे.

त्यात तुझा काय दोष? त्या बाजारात तो शब्द कसा वाजतो ते माझ्याही डोक्यात आलं नाही. म्हणून मी दादाला सांगितलं, आठवत नाही. तुझं नाव कळलं असतं तर त्याने ऐकून घेतलं नसतं. मी त्या पत्रात तुला गप्प राहा म्हणून सांगत होतो रे. दादा लिहीत होता, त्याच्यासमोर अजून किती उघडं सांगणार? आणि तू आकडा देऊन मोकळा झालास.

सतरा नंबर म्हणजे काग्वा नावाचा म्हातारा. तो माझ्या अंगावर चढला, बरोबर बघितलंस. मला झाकायला चढला. टायर आणला होता त्यांनी, माझ्या डोक्यातून घालून पेटवणार होते. तो माझ्यावर आडवा पडून ओरडत होता, 'शाळेचं पोर आहे, याची कोंबडी माझीच आहे, पैसे मिळालेत मला!' त्याच्या पाठीत विटा बसत होत्या आणि मला त्याच्या छातीतून त्याचा आवाज ऐकू येत होता. मग ओपोलोटने आणि त्याने मला एका ट्रकात घातलं. रविवारी तो बरगड्या बांधून घ्यायला याच इस्पितळात आला आणि मला शोधत माझ्या खाटेपाशी आला. मला म्हणाला, 'बरा झालास की ये. बाजारात सतरा नंबर विचार, कुणीही सांगेल.' दादा तेव्हा छावणीत होता. त्याला सांगितलं असतं तर माझं 'आठवत नाही' खोटं पडलं असतं, म्हणून मनातच ठेवलं.

मी उठू शकत नाही. दादा छावणीतूनच परस्पर जाणार आहे. वहिनी चौकीवर गेली होती. पोलीस म्हणाले, अजून काही झालेलं नाही ना, झालं की या.

तू अर्ध्या तासाच्या रस्त्यावर आहेस. शनिवारी पहाटे जा. म्हाताऱ्याला तिथून हलव. आणि दादा भेटला तर त्याला सांग, कोण ओरडलं ते. तो तुला मारेल, मी खोटं बोलत नाही, मारेलच. पण तू त्याच्या ओळखीचा आहेस, तुला जिवंत सोडेल. त्या म्हाताऱ्याला सोडणार नाही.

एवढं कर. दुसरं काही मागत नाही.

मुगोया


कंपाला
२१ डिसेंबर

मुगोया,

मी गेलो होतो. आधी हे लिहितो, म्हणजे तू पत्र फाडणार नाहीस.

शनिवारी पहिल्या टॅक्सीने निघालो. बुलुंबाला उतरलो तेव्हा बाजार नुकता लागत होता, शेगड्या पेटत होत्या. मला भीती होती की कुणीतरी ओळखेल. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जिथे तुला पाडलं तिथे एक बाई केळी सोलत बसली होती.

मी सतरा नंबर विचारला नाही. तो आकडा माझ्या तोंडून निघेना. मी काग्वा म्हाताऱ्याला विचारलं. लोक म्हणाले, तो घरी पडलाय, बरगड्या मोडल्यात, महिनाभर यायचा नाही. वाटलं, सुटलो. म्हातारा बाजारात नाहीच. दादा येतील, कुणी सापडणार नाही, परत जातील.

एका बाईने मला त्याच्या घरी नेलं, बाजाराच्या मागे, फणसांच्या पलीकडे. तुझं नाव सांगितल्यावर म्हातारा चटईवरून उठायला बघत होता, त्याच्या बायकोने त्याला दाबून बसवलं. तिने मला हात धुवायला पाणी दिलं. केळीच्या पानात बांधून वाफवलेली कोंबडी होती, घरी करतात तशी, बाजारातली नव्हे. नको म्हणालो तर म्हातारी म्हणाली, 'माझ्या दारातून उपाशी गेलास तर लोक मला काय म्हणतील?' मी खाल्लं. भूक लागली होती. ते लिहायलाही लाज वाटते.

खाता खाता मी सांगून टाकलं. ओरडलो तो मी. म्हातारा हसायला लागला, आणि बरगड्या धरून कळवळला. म्हणाला, 'अरे गाढवा, ओरडायच्या आधी आजूबाजूला बघावं की नाही? तुमच्या शाळेत शिकवतात तरी काय?'

मग मी त्याला म्हटलं, आजोबा, आज इथून चला कुठेतरी. शिपाई येणार आहेत, सतरा नंबरला शोधत.

त्याचं हसू गेलं. तो बायकोकडे बघायला लागला. ती हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. म्हातारा म्हणाला, 'कोट तर आज जावयाने, सेंबाट्याने घातलाय.'

मुगोया, मला माहीत नव्हतं. कोट रिकामा ठेवता येत नाही. दोन आठवडे कोट बाजारात दिसला नाही तर कमिटी तो नंबर दुसऱ्याला देते, आणि बाहेर कितीतरी लोक वाट बघत बसलेत. म्हणून बापाचा कोट मुलगा घालतो, नवऱ्याचा बायको घालते. म्हाताऱ्याला मुलगा नाही. जावयाने घातला होता. ऑगस्टमध्ये लग्न झालेला. तिथल्या सगळ्यांना हे माहीत आहे, आकडा म्हणजे माणूस नव्हे, घर. मी आकडा बघितला आणि मला वाटलं, मी माणूस बघितला.

मी पळत सुटलो. मागून म्हातारी ओरडत होती, पण नवरा-बायको दोघंही मागेच राहिले, तो चालू शकत नव्हता आणि ती जावयासमोर जाऊ शकत नव्हती, तशी रीत आहे. तरी मग ती आली. पण उशिरा.

मला हवेत झाडलेली गोळी ऐकू आली. म्हणून गर्दी लांब उभी होती, अख्खा बाजार रस्त्याच्या पलीकडे. पिकअप मधोमध आडवी लावली होती. चौघांनी सेंबाट्याला घेरलं होतं आणि दादा मारत होते. आधी बंदुकीच्या दस्त्याने मारलं असावं, कारण त्याचा कान लोंबत होता. मी पोचलो तेव्हा दादांच्या हातात शेगडीची लोखंडी जाळी होती, त्यातून निखारे सांडत होते. ते त्याला एकच विचारत होते, 'सतरा नंबर तू? बोल, तू?' आणि तो म्हणत होता, 'मी, साहेब, मीच.' मुगोया, त्याने एकदाही सांगितलं नाही की कोट सासऱ्याचा आहे. त्याला एवढंच कळत होतं की हे लोक सतरा नंबरला शोधत आलेत, आणि सासरा मोडक्या बरगड्या घेऊन घरी पडलाय.

मी दादांचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला. ओरडलो, मी होतो, दादा, मी ओरडलो होतो, हा नाही, तो पण नाही, मी. घशातून रक्त येईल एवढ्या मोठ्याने ओरडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं मला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांच्या हाताला रक्त होतं, ते माझ्या केसांत लागलं. म्हणाले, 'झिवा ना तू? घाबरू नकोस बाळा. आता हे लोक तुला काही करणार नाहीत.' आणि एकाला म्हणाले, याला बाजूला घे. त्यांना वाटलं मी बाजारवाल्यांच्या भीतीने उलट बोलतोय.

त्या माणसाने मला कवेत धरून ठेवलं. मग मी सगळं बघितलं. जाळी वाकली तेव्हा त्यांनी बूट वापरले. सेंबाट्या आधी हातांनी तोंड झाकत होता, मग हात खाली पडले, मग नुसता आवाज यायचा, ओल्या पोत्याला मारल्यासारखा. तोंड राहिलंच नाही. दोन बसगाड्या मागे येऊन थांबल्या होत्या, खिडक्यांतून लोक बघत होते. एका बाईने तशातही केळीवाल्याला हाक मारली.

ते गेले तोवर सेंबाट्या संपला होता. मग म्हातारी आली. तिने जावयाच्या अंगावरून कोट काढायचा प्रयत्न केला, तो चिकटला होता. मग तिने तो तसाच राहू दिला. माझ्याकडे बघून म्हणाली, 'तू तर आत्ता जेवत होतास.'

पोलीस दुपारी आले. कुणी पाहिलं विचारलं, तर अख्ख्या बाजारात कुणी पाहिलं नव्हतं. मी पण गप्प बसलो. ते तुझे दादा आहेत. मी काय करू? तू सांगशील तसं करीन. गप्प बस म्हणालास तर मरेपर्यंत गप्प बसेन. बोल म्हणालास तर बोलेन. तूच सांग, मला काही सुचत नाही.

झिवा


जिंजा
२४ डिसेंबर

झिवा,

तू मला विचारतोस. बाजारात दादाच्या हाताला धरून ओरडलास तेव्हा कुणाला विचारलं नव्हतंस. ते एक चांगलं केलंस. बाकीचं आता मी सांगतो, कारण तू स्वतःहून कधीच काही ठरवणार नाहीस हे मला कळून चुकलंय.

दादा शनिवारी संध्याकाळी इथे आला होता. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. माझ्या खाटेवर बसला आणि म्हणाला, 'झोप आता नीट. झालं ते.' मी त्याला सगळं सांगितलं. तारांमधून, गुरगुरत, पण शब्द न शब्द सांगितला. तू ओरडलास, काग्वाने वाचवलं, मी खोटं बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि नर्सला हाक मारून म्हणाला, याला ताप आहे, भ्रमात बोलतोय. सोमवारी मी परत सांगितलं. तेव्हा तो खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटतं, त्याला कळलंय. कळून घ्यायची त्याची तयारी नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही झाली नसती.

काल वहिनी इन्स्पेक्टरला घेऊन आली. हो, वहिनी. तिला पाचवा महिना आहे. तिने मला एवढंच विचारलं, 'त्या सेंबाट्याच्या बायकोलाही दिवस गेलेत का, ते झिवाने लिहिलंय का?' तू लिहिलं नाहीस. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, असू दे, आणि इन्स्पेक्टरला आत बोलावलं.

मी जबाब दिलाय. त्यात दादाचं नाव आहे, त्याच्या चार दोस्तांची नावं आहेत. तुझं आहे, ओरडलास ते आणि आकडा लिहिलास ते. आणि माझं आहे, कारण मी 'आठवत नाही' म्हणालो नसतो तर दादाने तुला विचारलंच नसतं. इन्स्पेक्टर म्हणाला, तुमचं काही गुन्ह्यात बसत नाही. मी म्हटलं, तरी लिहा. सोमवारी तुला जिंजाच्या चौकीवर यायचंय. मी त्यांना सांगितलंय की तू येशील. का सांगितलं, कोण जाणे.

छावणीची परवानगी आज येणार, उद्या सकाळी दादाला धरायला येतील. उद्या नाताळ, त्यामुळे तो घरीच असेल, हे मीच त्यांना सांगितलं.

उजवा हात प्लास्टरात असल्यामुळे मला जेवता येत नाही, आणि डाव्याने जेवलेलं आमच्या घरात चालत नाही. म्हणून शनिवारपासून रोज दादाच येऊन भरवतो. तारांच्या फटीतून चमचा चमचा रस्सा. गार लागला तर परत गरम करून आणतो. आत्ताही आलाय. शेंगदाण्याच्या रश्शातला मासा आईने केलाय, त्याने काटे काढून बारीक कुस्करून आणलाय, मला बाधू नये म्हणून एकेक काटा स्वतः तपासून. म्हणतोय, कागद ठेव, आधी खाऊन घे.

मी ओठ उघडतोय. त्याला अजून माहीत नाही.

मुगोया